जास्वंदीचे कुंपण मित्सुएकडे

मी, आगारिए तोयो, वय वर्षे ब्याऐंशी, दिवंगत आगारिए सेइतोकु यांची पत्नी, राहणार हामाबारू, उत्तर ओकिनावा, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर आहे असे मी म्हणणार नाही, पण नागोच्या वकीलबाई म्हणाल्या की कायद्याला बुद्धी पुरते. हात कापतो तो हृदयाच्या झडपेमुळे. अक्षर वाकडे आले म्हणून मला भ्रम झाला होता असे कोणी म्हणू नये. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. जे आणले ते उलट्या बाजूने आणले, ते पुढे येईलच.

सोमवारी नाहाच्या इस्पितळात माझी झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही, आजी." घाबरण्यासारखे नसते तर इतक्या कागदांवर सह्या कशाला घेतल्या असत्या?

कलम पहिले. माझे राहते घर व त्याभोवतीची बाग. चतुःसीमा अशी: पूर्वेस रस्ता व रस्त्याला लागून जास्वंदीचे कुंपण; दक्षिणेस गिमा कोसेई यांचे हळदीचे वाफे; पश्चिमेस फुकुगीची उंच झाडे व त्यापलीकडे समुद्र; उत्तरेस कुळाच्या थडग्याकडे जाणारी पायवाट, तिच्या दोन्ही अंगांस जास्वंद. हे सर्व माझी एकुलती एक मुलगी मित्सुए हिला द्यावे.

याला खरे तर मृत्युपत्र लागत नाही. वकीलबाईंनी सांगितले की घर कायद्यानेच मुलीला जाते, पुतण्याचा त्यावर हक्क नाही. पण पितरांच्या नावांच्या लाकडी पाट्या आणि कुळाच्या अस्थींची मडकी ठेवायची दगडी खोली, म्हणजे थडगे, यांना तो कायदा लागत नाही. ती कोणाकडे जावीत हे मी लिहून ठेवले नाही, तर रूढी ठरवते. आणि आमची रूढी गावातल्या पोरासोरांनाही पाठ आहे: पाट्या पुरुषाकडून पुरुषाकडे जातात. मुलगा नसला तर पुतण्याकडे. मुलीच्या हाती गेल्या तर पितर कोपतात. शिवाय ज्याच्याकडे पाट्या त्याचेच घर, असे सगळे मानतात. कायद्याचा कागद दाखवला तर कागदाकडेच संशयाने बघतात.

कलम दुसरे. हे वाक्य मी आधी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून पाहिले. मग देवघराकडे पाहिले, छताकडे पाहिले. काही झाले नाही. म्हणून इथे लिहिते. आगारिए कुळाच्या पितरांच्या पाट्या, उदबत्तीचे पात्र आणि टेकडीखालचे थडगे, ही सर्व माझ्या पश्चात मित्सुएने सांभाळावी.

लिहून झाले. पाणी पिऊन येते.

कलम तिसरे. कुंपण. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मित्सुए शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलांचे जेवण रांधू शकते, पण झाडाकडे बघताना तिची नजर भाजी निवडल्यासारखी असते.

हे कुंपण माझ्या सासूबाईंचे. लढाईनंतर टेकडीवर हिरवे म्हणून काही उरले नव्हते, तेव्हा त्यांनी ओढ्याकाठून लाल जास्वंदीच्या काड्या आणून थडग्याच्या वाटेला खोचल्या. लाल जास्वंद हे आमच्याकडे पलीकडच्या जगाचे फूल. ते पितरांना वाहतात, आजारी माणसाकडे कधी नेत नाहीत. (नाहाच्या इस्पितळात मला भेटायला येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) दुसरी फुले सगळी महाग आणि लाडावलेली, हे मात्र बारा महिने फुलते आणि तोडल्यावर पाण्यावाचूनही दिवसभर तसेच राहते. म्हणून सकाळी एक फूल पाट्यांपुढे ठेवावे. संध्याकाळी मिटले की उचलावे.

पानांवर मावा आला तर साबणाचे पाणी मारावे, औषध नको. पावसाळ्यात मोठ्या गोगलगायी येतात, त्या हाताने वेचाव्यात. किळस आली तर चिमट्याने, पण वेचाव्यात. कळ्या न उमलता गळू लागल्या तर आधी पाणी कमी झाले की जास्त ते बघावे, लगेच देवऋषिणीकडे जाऊ नये. छाटणी थंडी सरताना, हाताच्या कात्रीने, एकेक फांदी बघून. यंत्राने कधीही नाही. मोतोबूच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या माळ्याने मी दिलेली जास्वंद यंत्राने कापून तिचे चेंडू केले होते. त्याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. त्याने मागितलेले नाही, तरी लिहून ठेवते.

नवीन झाड करायचे तर पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पिकलेली काडी डोळ्याखाली तिरकी कापावी, खालची पाने काढावीत, वरची निम्मी कापावीत, आणि मे महिन्याच्या पावसात सावलीतल्या वाळूत खोचावी. रोज उपटून मुळे फुटली का बघू नये. हे मी मित्सुएला ओळखून लिहिते आहे.

माझा कलमाचा चाकू मित्सुएला. त्या चाकूवर आम्ही जगलो. मोतोबूत सागरी प्रदर्शन भरले त्या काळात हॉटेले उठली आणि त्यांना ताटाएवढी पिवळी, केशरी जास्वंद हवी झाली. ती परदेशी झाडे आमच्या चुनखडीच्या मातीत पिवळी पडून मरत. मी सासूबाईंच्या लाल जास्वंदीचा खुंट घेऊन त्यावर पाचर कलमे बांधली, ती जगली. यजमान ट्रकमधून हॉटेलांना पोचवत. सासूबाई ओसरीवर बसून बघत आणि कडाडत, "मेलेल्यांच्या फुलावर हॉटेलवाल्यांची फुलं चढवतेस? पितर काय म्हणतील?"

यजमान ट्रकमधूनच म्हणाले, "आई, पितरांना सांग, वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवलेत."

सासूबाई हसल्या नाहीत. मी हसले, आणि त्या दिवशी जेवताना माझ्या पानात मासा पडला नाही.

गिमा कोसेई, म्हणजे आमचे हळदवाले शेजारी, यांना छाटणीच्या काड्या मागण्याचा हक्क राहील. न मागता नेण्याचा नाही. गेल्या वर्षी नेल्या, तेव्हा मी खिडकीत होते.

कलम चौथे. पुतण्या सेइजुन, माझ्या धाकट्या दिरांचा दुसरा मुलगा, याच्याविषयी. त्याला समुद्राकाठचे रताळ्याचे शेत आणि ट्रक द्यावा. मी त्याच्यावर रागावलेले नाही, किंवा आता नाही. काय घडले ते लिहिते, म्हणजे माझ्यामागे कोणी दुसरेच काही सांगणार नाही.

यजमान गेले त्याचे वर्षश्राद्ध झाल्यावर सगळे नातेवाईक आमच्याकडे जमले. वन्सं, म्हणजे यजमानांची थोरली बहीण कामे, मधोमध बसल्या आणि काठी आपटून म्हणाल्या, "पाट्या सेइजुनकडे. यात बोलण्यासारखं काय आहे?" मी सगळ्यांच्या पेल्यांत चहा ओतला. सेइजुन पाट्या नाहाला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला, आणि आमच्या देवघरात त्यांच्या जागी धुळीचा चौकोन उरला. मी तो पुसला नाही.

पुढच्या वसंतात मी जास्वंदीची टोपली घेऊन त्याच्याकडे गेले. पाचवा मजला. पाट्या कपड्यांच्या कपाटावर होत्या, इस्त्रीच्या फळीशेजारी, आणि त्यांच्यापुढे प्लॅस्टिकची फुले.

मी म्हणाले, "सेइजुन, ताजं फूल नाही?"

"काकू, पाचव्या मजल्यावर जास्वंद कुठून आणू?"

"कुंडीत लाव ना."

"कुंडी ठेवायला सोसायटीची परवानगी नाही." मग त्याने दाराकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "काकू, खरं सांगू? बायको या खोलीत यायला घाबरते. म्हणते, सगळे बघत बसतात. तुम्ही घेऊन जाता का? आत्याला मात्र सांगू नका."

मी पाट्या कापडात बांधल्या आणि बसने निघाले. पितरांना नेताना वाट सांगावी लागते, नाहीतर ते मागे राहतात. म्हणून मी दर थांब्याला सांगत होते, "हा पूल आला हं. आता उसाची शेतं. आता चढ आहे." शेजारी शाळेतली मुलगी बसली होती. तिने विचारले, "आजी, कोणाशी बोलताय?"

"नवऱ्याशी."

"फोनवर?"

"मांडीवर."

ती पुढच्या आसनावर जाऊन बसली. पण नागोला उतरले तेव्हा मला इतके हलके वाटत होते की चढणीवरसुद्धा दम लागला नाही.

पाट्या घरी आल्याचे वन्संना कळायला वेळ लागला नाही. त्यातच मित्सुए नाहाची नोकरी सोडून माझ्याजवळ राहायला आली, आणि रोज सकाळी पाट्यांपुढे फूल ठेवू लागली. सेइजुनला तोवर वेगळेच सुचले होते. समुद्रात बुड्या मारायला येणाऱ्या पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या, गाड्यांसाठी कुंपण काढून जागा करायची. फीत घेऊन त्याने रस्त्याकडची जास्वंद मोजली. म्हणाला, "पाट्या तुमच्याकडे राहू द्या काकू, तुम्ही आहात तोवर. पण कागदोपत्री माझ्याकडेच हव्यात. आत्याही तेच म्हणते." त्याला जागा हवी असेल तर रताळ्याच्या शेतात गाड्या उभ्या कराव्यात. शेत सपाट आहे, समुद्र जवळ आहे आणि तिथे कोणाचे पितर झोपलेले नाहीत.

कलम पाचवे. यात कोणाला काही द्यायचे नाही. पण हे वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

वन्संनी मला देवऋषिणीकडे नेले. त्या बाईने तांदूळ टाकले, डोळे मिटले आणि म्हणाली, "पाट्या मुलीच्या हातात राहिल्या तर मुलीवर बेतेल." एवढेच. मी घरी येऊन मित्सुएला काही सांगितले नाही. मनाला सांगितले, ही बाई सगळ्यांना असेच काहीतरी सांगते. दिवसा ते पटत असे.

ऑगस्टात मोठे वादळ आले. येण्याआधी मित्सुए शिडीवर चढून खिडक्यांच्या फळ्या ठोकत होती. मी आतून दोर देत होते. आवाज झाला आणि शिडीवर ती दिसेना. मांडीचे हाड मोडले होते. गिमा कोसेईंनी आपल्या ट्रकमध्ये गादी टाकून तिला तशा वाऱ्यात नागोला नेले. त्यांचे हे उपकार मी काड्यांच्या हिशोबात धरलेले नाहीत.

वादळ ओसरल्यावर वन्सं आल्या. दारातूनच म्हणाल्या, "सांगितलं होतं ना? बेतलं ना पोरीवर?"

त्या गेल्या आणि मी पाट्या कापडात बांधल्या. सेइजुनला फोन करून सांगितले, ये आणि घेऊन जा, आजच. मग इस्पितळात जाऊन मित्सुएलाही सगळे सांगितले, देवऋषिणीसकट.

पाय टांगलेल्या अवस्थेत ती म्हणाली, "आई, शिडी ओल्या फरशीवर मी लावली. पितरांनी नाही लावली."

"तरी पण, माये..."

"आणि बाबा त्या पाट्यांवर आहेत ना? बाबा मला पाडतील? सायकल शिकवताना ज्यांनी मागचा हात सोडला नाही, ते?"

मी घरी येऊन गाठ सोडली. सेइजुन येऊन परत गेला. त्याला चहा दिला. पण भीती गाठीसारखी सुटत नाही. ती अजून इथेच आहे, लेखणीजवळ.

त्या वादळात कुंपण पार करपले. खारा वारा लागला की गोड्या पाण्याने पाने लगेच धुवावी लागतात, नाहीतर मीठ झाडाला जाळते. मी मित्सुएपाशी इस्पितळात होते, धुणार कोण? परतले तेव्हा पाने तपकिरी होऊन वाजत होती. तरी नळी घेऊन मी रस्त्याकडून थडग्यापर्यंत पाणी मारत गेले, आणि थडग्याच्या पायरीशी छातीत कळ येऊन बसले. झडपेचे निदान असे झाले. वन्संना तोही कोपच वाटला. मलाही, खोटे का बोलू.

रस्त्याकडच्या कुंपणाला आता पालवी आहे. थडग्याकडचे अजून नुसत्या काड्या आहेत. नखाने साल खरवडून बघितली, काही आत हिरव्या आहेत, काही नाहीत. मित्सुए, वसंतापर्यंत एकही उपटू नकोस.

इथे लिहिणे थांबले होते. दुपार आहे. मित्सुए पायाच्या व्यायामासाठी नागोला गेली आहे, आणि तिची नेहमीची बस येऊन गेली तरी ती आलेली नाही. फोन लागत नाही. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. तेवढ्यात काठीचा आवाज आला. मित्सुए नव्हती, वन्सं होत्या. जे बोलणे झाले त्यामुळे पुढची कलमे बदलली, म्हणून ते जसेच्या तसे लिहिते.

"काय लिहितेस?"

"काही नाही, वन्सं."

"मृत्युपत्र लिहितेस. गिमाची बायको गावभर सांगत फिरतेय. वाच."

मी वाचले. दुसरे कलम वाचताना काठी आपटायची वाट पाहिली. आपटली नाही. वन्सं अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. ऐकू आले नसेल म्हणून मी पुन्हा मोठ्याने वाचले.

"ऐकलं गं. मी कुठे जाणार, ते लिहिलंयस का त्यात?"

मला कळेना. "म्हणजे?"

"मेल्यावर. माझी हाडं कुठे ठेवणार?"

वन्संना नवऱ्याने तिशीत घालवून दिले, तेव्हापासून त्या हामाबारूत, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. हे मला माहीत होते. पण त्याचा पुढचा अर्थ मी कधी लावला नव्हता. नवऱ्याच्या कुळाचे थडगे त्यांना बंद. आणि माहेरच्या थडग्यात परत आलेल्या मुलीला पितरांबरोबर जागा नसते.

"आईनं मला सांगून ठेवलं होतं," वन्सं म्हणाल्या. "दाराबाहेर, डावीकडे. जास्वंदीच्या मुळाशी छोटं मडकं. सख्ख्या आईनं. मी सेइजुनला विचारलं, पाट्या तुझ्याकडे आल्या की मला आत घेशील ना रे? तर म्हणतो, आत्या, रूढी आहे, मी कशी मोडू?"

"हे त्यानं कधी सांगितलं?"

"पाट्या नेल्या त्याच दिवशी."

"मग इतकी वर्षं तुम्ही त्याचीच बाजू का घेतलीत?"

"वाटलं, घेत राहिले तर विरघळेल." त्यांनी नाक पुसले. "आणि दुसरंही एक आहे. मी या घरची मुलगी. मला दाराबाहेर. तुझ्या लेकीला दाराची किल्ली. का म्हणून? असं वाटायचं मला. वाटायचं म्हणजे काय, आजही वाटतं."

या बाईने साठ वर्षे माझ्या सारात मीठ कमी काढले आहे. तरी मी विचारले, "भीती वाटते का, वन्सं?"

"पावसाची वाटते. बाहेर छप्पर नाही."

एवढ्यात मित्सुए आली. कुबडी टेकत, फोनची बॅटरी संपलेली, हातात मोठा पाव. मी रागावणार होते, पण बसून घेतले. तिने आमची तोंडे पाहिली आणि वन्संनी तिला सगळे पुन्हा सांगितले, आवाज चढवून, जणू चूक तिचीच.

मित्सुएने पावाचा तुकडा वन्संपुढे केला. "आत जागा आहे, आत्या. आजीच्या शेजारी."

"तू कोण जागा देणारी?"

"कलम दोन," मित्सुए म्हणाली. "फक्त आजीला आधी विचारून घ्या, तुमचं घोरणं तिला चालेल का."

वन्संनी काठी उगारली. मग खाली ठेवली, आणि पाव खाल्ला. सगळा.

कलम सहावे. माझ्या नणंद आगारिए कामे यांच्या अस्थी त्यांच्या पश्चात कुळाच्या थडग्यात, दाराच्या आत, सासूबाईंच्या शेजारी ठेवाव्यात. मडके इतरांच्याएवढेच मोठे असावे. हे मित्सुएने करावे. तिला जमले नाही आणि दुसऱ्या कोणावर वेळ आली तर त्यानेही हेच करावे. रूढीने विचारले तर माझे नाव सांगावे.

कलम सातवे. मित्सुएचे लग्न झालेले नाही. तिच्यामागे पाट्या कोणाकडे जाणार, असे मला वकीलबाईंपासून गिमाच्या बायकोपर्यंत सर्वांनी विचारले. मला माहीत नाही. हा प्रश्न मला पहाटे उठवतो. त्याचे उत्तर मित्सुएने तिच्या मृत्युपत्रात लिहावे. मुलगा, मुलगी, शेजारी, जो कोणी पाने धुवायला धावेल त्याच्याकडे जाऊ द्याव्यात, एवढेच माझे मत. ते बंधनकारक नाही.

कलम आठवे आणि शेवटचे. कोपाविषयी. वकीलबाई म्हणाल्या, हे कायद्यात बसत नाही. न बसू दे. वरील व्यवस्थेमुळे पितर कोपणार असतील, तर तो सर्वस्वी माझ्या एकटीच्या निर्णयाचा परिणाम समजावा. पाट्या बसमधून मी आणल्या. गाठ मी सोडली. दुसरे कलम मी लिहिले. हा कोप माझ्या खाजगी मिळकतीत धरावा. तो मी कोणालाही देत नाही, त्याला वारस नाही, आणि तो माझ्याबरोबरच थडग्यात ठेवावा. मित्सुएच्या पायाला, घराला किंवा झोपेला त्याचा स्पर्श होऊ नये. पितरांना काही बोलायचे असेल तर त्यांनी माझ्याशी बोलावे. सोमवारनंतर कदाचित समोरासमोरच बोलता येईल.

भीती आहे. तरीही लिहिले आहे. पुन्हा वाचून पाहिले. एकही शब्द खोडलेला नाही.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. पण मी शुद्धीवर होते हे सांगणारे कोणी असावे म्हणून दोघांच्या सह्या घेत आहे. दोघांनी सर्व कलमे वाचली आहेत. काड्यांचे वाक्य वाचून गिमा कोसेई खोकले.

ठिकाण: हामाबारू
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३

आगारिए तोयो
(सही व शिक्का)

साक्षीदार पहिले: गिमा कोसेई, शेतकरी, हामाबारू. तोयोबाई माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत होत्या. काड्या दोनच होत्या.

साक्षीदार दुसरे: आगारिए कामे, या घरची मुलगी. सर्व वाचले. कलम आठवे मान्य नाही. कोप निम्मा माझ्या नावावर लिहावा. मी थोरली आहे.